पायमोज्यांतली फेरी

डॉक्टरीणबाईंनी टाचणी टोचायला घेतली तेव्हा डेक्लन टियर्नी छताकडे बघत पडला होता. बराच वेळ गेला तरी काही होईना म्हणून त्याने विचारलं, सुरू कधी करणार? त्या म्हणाल्या, झालंसुद्धा, दोन्ही पायांचं.

ही मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. साखर किती वर्षं रक्तात मुरत होती कोण जाणे. तिने आधी पायाची बोटं गिळली, मग चवडे, आणि आता टाचांपर्यंत आली होती. चालता येत होतं, शिडी चढता येत होती, बुटाची नाडी बांधता येत होती. खाली काय आहे तेवढं कळत नव्हतं. लाकूड, गालिचा, बर्फ, सगळं एकच. जशी काही कुणी तळव्यांना जाड घोंगडी शिवून टाकली होती.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने चार दिवस कुरकुर केली असती, मऊ बूट घेतले असते आणि विषय संपला असता. पण डेक्लनचं पोट पायांवर होतं.

शिकागोत उंच टॉवर उभा राहतो तेव्हा लिफ्टचे रूळ बसवणारे वेगळे, दोर ओढणारे वेगळे, मोटारी चढवणारे वेगळे. हे सगळे हात धुऊन गेले की शेवटी येतो अ‍ॅडजस्टर. लिफ्ट चालते आहे, पण खडखडते, डोलते, थांबताना पोटात गोळा आणते. तिला वळण लावायचं काम त्याचं. डेक्लनचा बाप हेच करायचा, आणि बापाची एक रीत होती. बूट दाराशी काढून ठेवायचे आणि नुसत्या पायमोज्यांवर लिफ्टमधून तळापासून टोकापर्यंत फेरी मारायची. बूट खोटं बोलतात, असं तो म्हणे. डेक्लनने ती रीत उचलली आणि बापापेक्षा जास्त नाव काढलं. डोळे मिटून उभा राहायचा आणि म्हणायचा, बेचाळिसाव्या मजल्याच्या थोडं वर, डावा रूळ, जोड केसभर पुढे आलाय. माणसं जाऊन बघायची तर तसंच असायचं.

आता एक डबा निघाला आहे. तो लिफ्टमध्ये जमिनीवर ठेवला की धक्क्यांचा आलेख काढून देतो. कंपनी डब्यावर विश्वास ठेवते, माणसं पायांवर ठेवतात. कारण डबा कुठे हादरलं ते सांगतो. का हादरलं ते विचारायला तळवेच लागतात. निदान लागायचे.

तर टाचणीच्या दिवसापासून डेक्लन नाटक करत होता. बूट काढायचे, डोळे मिटायचे, आणि एका पापणीच्या फटीतून डब्याचा आलेख बघून तोच बोलून दाखवायचा. जे डब्यात नसे ते कानाने ऐकून ठोकून द्यायचं. ईस्टरच्या आधी उपासाचे दिवस आले तेव्हा त्याने दरवर्षीसारखं गोड सोडलं. ईस्टर होऊन गेला तरी ते सोडलेलंच राहिलं. त्याच्या हाताखालची मेकॅनिक मारिसोल त्याला चिडवायची, की म्हातारबा आता मठात जाणार, लिफ्टने स्वर्गात उतरणार. तो हसायचा. हसणंही त्या वर्षी जड झालं होतं, ओल्या कोटासारखं.

नदीकाठचा हा ऐंशी-पंच्याऐंशी मजल्यांचा टॉवर आपला शेवटचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. हा पुरा करायचा, पायमोज्यांवर शेवटची फेरी मारायची, आणि मग बास. साखरेचं बायकोला ठाऊक होतं; पायांचं त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. कंपनीला कळलं असतं तर त्याच दिवशी त्याला शाफ्टबाहेर, लिफ्टच्या विहिरीबाहेर काढलं असतं. पायाखालचं ज्याला कळत नाही त्याला हजारभर फूट खोल विहिरीच्या काठावर कोण उभं करेल? नियम तसाच होता आणि बरोबरच होता. त्यानेच असा एक माणूस पूर्वी घरी पाठवला होता.

चूक झाली ती उन्हाळ्यात.

वरपर्यंत जाणारी मोठी लिफ्ट मधल्या टप्प्यात आली की टक्‌ असा आवाज यायचा. वर्षभर आधीचा डेक्लन पायमोज्यांवर उभा राहिला असता आणि जोड आहे की चाक आहे ते सांगून मोकळा झाला असता. आता तो डोळे मिटून उभा राहिला आणि खालून काहीच आलं नाही. एक फेरी, दुसरी फेरी. माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी त्याने सांगितलं, मधल्या टप्प्यातल्या रुळांचे चिमटे आवळून टाका. मारिसोलने पाना हातात धरून विचारलं, घट्ट? तो म्हणाला, घट्ट.

आता हे चिमटे म्हणजे काय, तर भिंतीतल्या ब्रॅकेटला रूळ धरून ठेवणारे. काँक्रीटची उंच इमारत उभी राहिली म्हणजे संपली असं नसतं. ती स्वतःच्या वजनाने दबते, सुकत जाते, वर्षानुवर्षं आखडते. एका मजल्याला केसभर, पण ऐंशी मजल्यांची मिळून चांगली वीतभर. लोखंडी रूळ मात्र आखडत नाहीत. म्हणून चिमटा कसा हवा, तर बाजारात आई पोराचं बोट धरते तसा. सुटणार नाही इतका पक्का आणि हिसका बसणार नाही इतका सैल. इमारत खाली सरकली तर चिमट्याने रुळावरून गुपचूप घसरावं. उंच टॉवरवर काम करणाऱ्याला हे आधी शिकवतात आणि मग बाकीचं. आवळलेला चिमटा इमारतीबरोबर रुळालाही खाली ओढतो, आणि रूळ बिचारा जाणार कुठे? तो मधेच वाकतो.

चिमटे आवळल्यावर आवाज थांबला. त्या दिवशी डेक्लन घरी जाऊन जेवला आणि खुर्चीतच झोपला, इतकं त्याला हायसं वाटलं.

फेब्रुवारीत लिफ्ट डोलायला लागली. मधल्या टप्प्यात आली की एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर, बारमधून घरी निघालेल्या माणसासारखी. रूळ मोजले तर वाकलेले. मग मीटिंग बोलावली गेली. लिफ्ट कंपनीच्या साहेबाने कागद पसरून सांगितलं की रूळ आपोआप वाकत नाहीत. इमारत सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त आखडते आहे, म्हणजे ज्यांनी ते गणित केलं त्यांचं चुकलं.

ते गणित रूटा यान्कुसचं. साठीला टेकलेली, लिथुआनियन वस्तीत वाढलेली ही बाई. दोन खोल्यांचं ऑफिस, दारावर तिचं एकटीचं नाव. उंच इमारत किती दबेल, किती आखडेल, किती हलेल एवढंच काम ती आयुष्यभर करत आली होती. डेक्लन आणि ती मिळून हा चौथा टॉवर. पहिल्यावर दोघं कडाकडा भांडले होते. दुसऱ्यावर तिने घरून बटाट्याचा कुगेलिस करून आणला, त्याने दोनदा घेतला आणि भांडण तिथेच मिटलं. माझ्या आकड्यांवर माझा विश्वास नसतो, असं ती म्हणायची, डेक्लनचे पाय हो म्हणाले की मग बसतो.

मीटिंगमध्ये ती भांडली नाही. मोजमापाचे कागद द्या, मी पुन्हा बघते, एवढंच म्हणाली. तिच्या समोरच्या खुर्चीत डेक्लन बसला होता आणि कॉफीच्या पेल्यात बघत होता. कॉफी गार झाली, साय धरली, तरी बघत होता. तोंड उघडलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: इतक्या वर्षांच्या माणसाने चिमटे आवळायला सांगितलेच कसे? त्या प्रश्नाच्या मागेच त्याचे पाय उभे होते.

आठवडाभर तो जेवला ते न कळता जेवला. मग रूटाचा फोन आला. शनिवारी साइटवर कुणी नसतं, तेव्हा ये, म्हणाली. गणित पुन्हा मांडायच्या आधी तुझ्याबरोबर एक फेरी मारायची आहे.

"डब्याचे आलेख मिळालेत मला," ती म्हणाली. "मला तुझे पाय हवेत."

नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. थकलेल्या माणसाला कारणंही वेळेवर सुचत नाहीत.

शनिवारी सकाळी रस्त्यात राखाडी चिखलबर्फ साचला होता. दोघांनी फाटकावर सह्या केल्या. लिफ्टच्या भिंतींना अजून प्लायवूडचे संरक्षक तक्ते लावलेले होते, जमिनीवर पुठ्ठा अंथरला होता, आणि आदल्या दिवशी दाराच्या चौकटीला भोकं पाडणाऱ्यांनी आपला कचरा तसाच टाकला होता. डेक्लनने बूट काढले. रूटानेही काढले. तिच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तिने तो दुमडून झाकायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिलं.

लिफ्ट सावकाश वर चढवायची, मधल्या टप्प्यात आणखी सावकाश, असं ठरलं. डेक्लनने डोळे मिटले. आलेख त्याला पाठ होता. इथे, तो म्हणाला. मग म्हणाला, आता उजवीकडे. रूटा लिहून घेत होती. तिला दोनदा वाटलं की तो हिसक्याच्या जरा आधीच बोलतो आहे. एकदा तर हिसका आलाच नाही आणि तो 'इथे' म्हणाला. पण पायांवर इतकी वर्षं विश्वास ठेवलेला असतो तेव्हा माणूस आधी स्वतःवर शंका घेतो. तिनेही तसंच केलं. सवयच तशी.

वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि वही मिटताना तिची नजर खाली गेली. पुठ्ठ्यावर लाल ठसे होते. डेक्लन फेरीभर जिथे जिथे उभा राहिला होता तिथे तिथे.

"डेक्लन, उजवा पाय वर कर."

"का?"

"कर म्हणते ना."

त्याने भिंतीला धरून पाय वर केला आणि वाकून बघितलं. पांढरा मोजा टाचेपासून भिजला होता, आणि मधोमध लोखंडाची कुरळी कपची घुसली होती, अर्ध्या बोटाएवढी. मोज्याचा रंग गेला असेल, असं तो म्हणाला. पांढऱ्या मोज्याचा.

रूटाने रंगाचा एक रिकामा डबा उपडा करून त्याला त्यावर बसवलं. पर्समधून चिमटा काढला. या वयात हनुवटीवरच्या केसांसाठी जवळ ठेवावा लागतो, म्हणाली, बघू नकोस असा. मग ती पुठ्ठ्यावर मांडी घालून बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि कपची ओढायला लागली. ओढताना ती पायाकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. कपची खोल होती, जरा फिरवून काढावी लागली. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. तो तिच्या मागच्या प्लायवूडकडे बघत होता, जसा बसस्टॉपवर बघतात.

कपची निघाली तरी तिने पाय सोडला नाही.

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

तिने मनात महिने मोजले. मोजण्याचीच ती बाई. मग म्हणाली, "म्हणजे उन्हाळ्यात तुला काहीच कळत नव्हतं."

"चिमटे मी आवळायला लावले," तो म्हणाला. "सगळ्या मधल्या टप्प्याचे."

खाली कुठेतरी वाऱ्याने शाफ्ट घुमत होती. थंडीत उंच इमारतीतून गरम हवा वर धावते तेव्हा दारांच्या फटींतून असा आवाज येतो, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा. रूटाने गळ्यातला रुमाल सोडून त्याच्या तळव्याला बांधला. तो तिच्या ओरडण्याची वाट बघत होता. ते झालं असतं तर बरं झालं असतं.

"आठ दिवस झाले," ती म्हणाली, "मी माझीच गणितं उलटीपालटी करते आहे. काँक्रीटवाल्याला फोन करून त्याच्याशी भांडले. तो माणूस आता मला नाताळचं कार्डसुद्धा पाठवणार नाही."

"मी सांगणार होतो."

"नव्हतास."

"नव्हतो," डेक्लन म्हणाला.

मग त्याने मागायला नको होतं ते मागितलं. खालच्या आवाजात, रुमालाच्या गाठीकडे बघत. चिमटे मारिसोलकडून गुपचूप सैल करून घेऊ. रूळ बरेचसे आपोआप सरळ होतील. लिफ्ट नीट चालली की कोण विचारतंय; कंपनी म्हणेल इमारतीत काहीतरी होतं, ते बसलं. एवढा एक टॉवर पुरा होऊ दे. एकच फेरी राहिली आहे, रूटा.

हो म्हणावंसं रूटाला वाटलं, हे खरं. तिच्या बापालाही साखर होती. शेवटी शेवटी तो स्वयंपाकघरात अनवाणी उभा राहून फरशी गार आहे का गं, असं विचारायचा. डेक्लनच्या पांढऱ्या पायाकडे बघताना तिला फरशीवरचा तो माणूस दिसत होता.

"इमारतीत काहीतरी होतं," ती म्हणाली, "म्हणजे माझ्यात काहीतरी होतं. डेक्लन, माझ्याकडे नाव एकच आहे. दारावरही तेच आहे."

"ठाऊक आहे."

"मी तुझ्यासाठी बोलणार नाही. ते तुझं तू बोल. पण तुझ्यासाठी गप्पही बसणार नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मला विचारतील."

तो मान खाली घालून बसला. त्याला राग आला नाही. राग यायलाही थोडा दम लागतो. त्याला एवढंच वाटलं की आपण वर्षभर एका डोळ्याने झोपतो आहोत आणि आता दुसरा मिटायला हरकत नाही.

त्याने तिथूनच मारिसोलला फोन लावला. ती भाचीच्या वाढदिवसाच्या गडबडीत होती, मागे पोरांचा गलका चालला होता. त्याने पायांचं सांगितलं, चिमट्यांचं सांगितलं, सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार असल्याचंही सांगितलं. ती गलक्यातून बाजूला आली आणि मागे दार लागलेलं त्याला ऐकू आलं.

"म्हातारबा," मारिसोल म्हणाली, "तुम्ही आवळा म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला काहीतरी कळलंय जे मला कळत नाही. म्हणून आवळले."

"लोकांना तसंच वाटावं, असंच मला हवं होतं."

मग तिने विचारलं, जखम धुतली का. पोरगी शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. जखमेला काय लावायचं ते सांगून तिने फोन ठेवला, आणि तेव्हा कुठे त्याचे डोळे भरून आले. रूटा बूट घालण्यात बराच वेळ लावत राहिली.

सोमवारी त्याने सांगितलं. साहेब त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघत होता. रूटाची माफी कुणी मागितली नाही. तिचं गणित आता बाजूला ठेवू, एवढं म्हणून कागद गोळा केले गेले. डेक्लनचा शाफ्टमध्ये जायचा परवाना त्याच दुपारी काढून घेतला. निवृत्तीपर्यंत तळमजल्यावर, लिफ्टच्या कंट्रोल पॅनलपाशी खुर्ची मिळाली. खुर्ची चांगली होती, पाठीला गादी होती. पहिल्या दिवशी तो तिच्यात बसून होता आणि वर मारिसोलची माणसं मधल्या टप्प्याच्या टोकापासून खाली एकेक चिमटा सैल करत येत होती. दडपलेला रूळ सुटला की एक कण्हणं ऐकू यायचं, लांबचं, पाठ मोकळी करणाऱ्या माणसासारखं. पूर्वी तो अशा वेळी लिफ्टच्या छतावर उभा असायचा. आता तो मान वर करून ऐकायचा, आणि शेजारचा वायरमन रेडिओ लावायचा तेव्हा त्याला बंद कर म्हणायचा.

मार्चअखेर शेवटची फेरी मारिसोलने मारली. बूट तिने दाराशी काढले. डेक्लन मुद्दाम समोर उभा राहिला नाही. त्याला पॅनलपाशी काहीतरी काम निघालं. खाली आल्यावर ती त्याच्याकडे आली आणि तिने सांगितलं, एक जोड घासावा लागेल, बाकी ठीक. त्याने विचारलं, कुठला जोड? तिने सांगितला. तो काहीतरी दुरुस्ती सुचवणार होता, पण सुचवली नाही. बरोबर असेल, म्हणाला.

त्याच दिवशी रूटा मोजायला आली होती. काम आटपून ती त्याच्या खुर्चीजवळ आली आणि कोटाची बटणं लावता लावता म्हणाली की माझाही आकडा चुकलाच होता म्हण. चिमटे मोकळे झाल्यावर नीट मोजता आलं. इमारत तिने सांगितलं होतं त्यापेक्षा पाव इंच जास्त आखडली आहे.

डेक्लनने तिच्याकडे बघितलं. "त्याने रूळ वाकले असते?"

"छे. पण चुकला तो चुकलाच. काल पत्र लिहून कळवून टाकलं त्यांना."

"कुणी विचारलं होतं?"

"कुणीच नाही," रूटा म्हणाली. "चल, उपासाचा शुक्रवार आहे. चर्चमध्ये मासे तळतायत. मला एकटीला रांगेत उभं राहायचा कंटाळा येतो."

पण त्याआधी तिला वरच्या मजल्यावर राहिलेला टेप आणायचा होता. प्रवासी म्हणून जायला डेक्लनला बंदी नव्हती, म्हणून तोही बरोबर चढला. दोघंही बुटांवर, दोघंही हात खिशात घालून. लिफ्ट निघाली. मजल्यांचे आकडे भराभर बदलत गेले, मधला टप्पा आला आणि गेला. डेक्लन आकड्यांकडे बघत होता. वर पोचता पोचता त्याने विचारलं, कशी चालते आहे?

रूटाने जरा लक्ष देऊन पाहिलं. "मला तर काहीच कळलं नाही," ती म्हणाली.

"मग बरी चालते आहे."

दार उघडलं. रूटा बाहेर पडली आणि त्याच्यासाठी थांबली. हल्ली तो उंबरा बघून, नेम धरून पाय टाकायचा. त्याला थोडा वेळ लागत असे.